मुंबई महाधर्मप्रांताचे बिशप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं, चर्चच्या स्मरणिकेसाठी लेख लिहायला बसलेले तरुण, घराण्याचा इतिहास शोधणारे निवृत्त लोक असे अनेकजण बिशपांविषयी, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखांविषयी विचारतात आणि प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. सगळ्या बिशपांची यादी इथे मिळणार नाही. ज्यांच्यामुळे मुंबई, साष्टी (मुंबईला लागून उत्तरेकडचं बेट) आणि वसईच्या कॅथलिक माणसाच्या आयुष्यात काही बदललं, त्यांच्याविषयीच विस्ताराने लिहिलं आहे.

मुंबईचे पहिले बिशप कोण?

उत्तर तुम्ही सुरुवात कुठून धरता त्यावर ठरतं. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि तिच्या अखत्यारीतली बेटं पोर्तुगीजांना दिली. तेव्हा इथले नवे ख्रिस्ती गोव्याच्या बिशपांच्या अधिकाराखाली आले. गोव्यात राहायला आलेले पहिले बिशप ज्वांव द आल्बुकेर्क. ते १५३८ मध्ये पोचले. म्हणजे मुंबईकरांचे पहिले बिशप गोव्यात राहत होते.

रोमने थेट नेमलेल्या परंपरेतून पाहिलं तर पहिलं नाव मातेवस द कास्त्रो यांचं येतं, साल १६३७. आणि ‘मुंबईचे आर्चबिशप’ हे पद कधी सुरू झालं असं विचाराल, तर १ सप्टेंबर १८८६. त्या पदावरचे पहिले जॉर्ज पोर्टर, येशूसंघीय (जेझुइट) इंग्रज. शाळेतल्या प्रश्नमंजूषेत बहुधा हेच उत्तर अपेक्षित असतं. पण नुसतं तेवढं सांगून थांबलं की आधीची साडेतीनशे वर्षं गळून पडतात, आणि खरी गोष्ट तर त्याच वर्षांत घडली आहे.

मातेवस द कास्त्रो यांचं नाव आम्ही कधी ऐकलं नाही. ते कोण?

ऐकायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण घराण्यात सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचा जन्म झाला. धर्मगुरू व्हायची इच्छा होती. गोव्यात मात्र ब्राह्मणवंशीय स्थानिक तरुणाला दीक्षा द्यायला तिथल्या आर्चबिशपांनी नकार दिला. दुसरा कोणी तिथेच थांबला असता. मातेवस यांनी थेट रोम गाठलं. तिथे शिकले, तिथेच धर्मगुरू झाले आणि १६३७ मध्ये बिशपही झाले. लॅटिन विधीतले, म्हणजे रोमन उपासना-परंपरेतले, ते पहिले भारतीय बिशप. त्यांच्याकडे आदिलशाही मुलखाचा व्हिकरिएट, म्हणजे रोमच्या थेट देखरेखीखालचा प्रदेश सोपवला गेला.

परत आल्यावर काय झालं, हे सांगताना मला अजून वाईट वाटतं. गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी आणि पोर्तुगीज सरकारने त्यांचा अधिकार मानला नाही. पोर्तुगीज हद्दीबाहेर, तेव्हा आदिलशाहीत असलेल्या डिचोलीला त्यांनी ठाण मांडलं आणि तिथून काम केलं. उरलेलं आयुष्य रोम आणि भारत अशा खेपा घालण्यात, कागदपत्रं सादर करण्यात, तक्रारी आणि प्रतितक्रारींना तोंड देण्यात गेलं. १६७७ मध्ये रोममध्ये ते वारले. त्यांच्या स्वभावात कडवटपणा होता, त्यांनी शत्रूही पुष्कळ केले, हे खरं आहे. पण स्वतःच्या गावात ज्याला धर्मगुरू होऊ दिलं नाही तो माणूस बिशप होऊन परत आला, एवढी एक गोष्ट त्यांचं नाव लक्षात ठेवायला पुरेशी आहे. त्यांच्या व्हिकरिएटची परंपरा पुढे मुंबईपर्यंत आली.

पाद्रोआदो आणि प्रोपगंडा हा वाद नेमका काय होता?

हा वाद समजल्याशिवाय मुंबईच्या एकाही जुन्या बिशपाची कहाणी समजत नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पाद्रोआदो म्हणजे आश्रयदातृत्व. पोपमहोदयांनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चचा आश्रयदाता केलं. राजाने चर्च बांधायची, धर्मगुरूंचा खर्च करायचा, मिशनरी जहाजांतून पाठवायचे. बदल्यात बिशपपदासाठी नाव सुचवायचा हक्क राजाचा. सोळाव्या शतकात ही व्यवस्था चालली. पुढे पोर्तुगालची ताकद ओसरली, पदं वर्षानुवर्षं रिकामी राहू लागली, पण हक्क सोडायला राजा तयार नव्हता. म्हणून १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसारासाठी स्वतःचं खातं काढलं. त्याचं लॅटिन नाव प्रोपगंडा फिदे. या खात्याने ‘व्हिकर अपोस्टोलिक’ नेमायला सुरुवात केली. हे बिशपच असत, पण राजाच्या नव्हे तर थेट पोपच्या नावाने कारभार पाहत.

आता एकाच गावात एक धर्मगुरू गोव्याच्या आर्चबिशपांना मानणारा आणि दुसरा व्हिकर अपोस्टोलिकना मानणारा, अशी स्थिती झाली. श्रद्धा एकच, मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) एकच, संत तेच. भांडण फक्त अधिकाराचं. मुंबई परिसरात हे भांडण दोनशेहून अधिक वर्षं चाललं. भावकी दुभंगली, सोयरिकी अडल्या, एका चर्चचे लोक दुसऱ्या चर्चच्या सणाला जाईनासे झाले.

इंग्रजांचा यात काय संबंध?

मुंबई इंग्रजांच्या हाती आल्यावर इथल्या कॅथलिक चर्चमध्ये पोर्तुगीज फ्रान्सिस्कन संन्यासी होते आणि त्यांची निष्ठा पोर्तुगालच्या राजाशी आहे असा कंपनी सरकारला संशय होता. १७२० मध्ये सरकारने त्यांना बेटावरून काढलं आणि मुघल मुलखाचे व्हिकर अपोस्टोलिक असलेल्या कार्मेलाइट संन्यासी संघातले बिशप मॉरिस यांच्याकडे चर्च सोपवली. अशा रीतीने रोमने नेमलेले बिशप मुंबईत राहायला आले, आणि त्यांना आणणारं सरकार होतं प्रोटेस्टंट. पलीकडे साष्टी आणि वसई मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तरी तिथल्या ख्रिस्ती वस्त्यांचा धागा गोव्याशी जोडलेला राहिला.

एका शहरात चर्चची वाटणी झाली होती म्हणतात. ते खरं का?

खरं आहे. गोव्याकडे परत जायचं म्हणून मुंबईतल्या एका गटाचे सरकारदरबारी प्रयत्न चालू होते. कंपनीच्या संचालकांनी १७८९ मध्ये चर्च पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपांकडे द्यायचा हुकूम काढला आणि १७९१ मध्ये तो अंमलात आला. लगेच दुसऱ्या गटाने तक्रारी केल्या. शेवटी १७९४ मध्ये सरकारने सरळ वाटणी केली. माझगावचं ग्लोरिया आणि दादरचं साल्वासांव पाद्रोआदोकडे, भुलेश्वरकडचं एस्पेरांसा आणि माहीमचं सेंट मायकल प्रोपगंडाकडे. चार चर्च, दोन-दोन. घरातली भांडी वाटावीत तशी. पुढच्या पिढ्यांना हीच वाटणी त्रास देत राहिली.

त्या काळात मुंबईत सर्वाधिक वर्षं बिशप कोण होते?

कार्मेलाइट बिशप पेद्रो द अल्कांतारा रामाझ्झिनी. १७९४ पासून १८४० पर्यंत, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच्या आधीपासून नंतरपर्यंत.

माहीमच्या चर्चमध्ये बिशपांनी स्वतःला कोंडून घेतलं होतं, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही. बिशपांचं नाव अनास्तासियुस हार्टमान. स्वित्झर्लंडच्या लुत्सर्न भागातल्या आल्टविस गावचे कपुचिन संन्यासी, जन्म १८०३. मूळ नेमणूक पाटण्याची, पण १८५० च्या सुमारास मुंबईचा कारभारही त्यांच्याकडे आला आणि १८५८ पर्यंत राहिला. त्याआधीच, १८३८ च्या पोपच्या आदेशाने पाद्रोआदोचा अधिकार बराच कमी केला गेला होता आणि गोव्याच्या बाजूचे लोक चिडलेले होते.

१८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या लोकांमधला मोठा गट पाद्रोआदोकडे जायला निघाला. चर्च ताब्यातून जाऊ नये म्हणून हार्टमान आपल्या माणसांसह आत जाऊन बसले. मरण आलं तरी बेहत्तर, चर्च सोडणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. शिधा भरून ठेवला होता. बाहेर दारासमोर मांडव घालून पाद्रोआदोचे धर्मगुरू आणि त्यांचे लोक. वेढा पंधरा दिवस चालला. शेवटी सरकारी अधिकारी मध्ये पडले आणि चर्च पाद्रोआदोच्या लोकांकडे गेलं. आज बुधवारी नोव्हेना प्रार्थनेला माहीमला जी गर्दी लोटते, तिच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की याच जागी एका बिशपांना आपल्याच माणसांनी कोंडलं होतं.

हार्टमान यांना केवळ या प्रसंगाने ओळखणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. १८५० मध्ये त्यांनी मुंबईत जे कॅथलिक नियतकालिक सुरू केलं, तेच ‘द एक्झामिनर’ नावाने आजही महाधर्मप्रांताचं साप्ताहिक म्हणून निघतं. हिंदुस्थानी भाषेत त्यांनी धर्मशिक्षणाचं पुस्तक लिहिलं, नव्या कराराचं भाषांतर केलं. इंग्रज सरकारने कॅथलिक बिशपांना आणि लष्करातल्या कॅथलिक धर्मगुरूंना रीतसर मान्यता द्यावी म्हणून ते लंडनपर्यंत भांडले. मुंबईहून ते पुन्हा पाटण्याला गेले आणि १८६६ मध्ये कॉलऱ्याने तिथेच वारले. रोमने त्यांना ‘व्हेनेरेबल’, म्हणजे वंदनीय, घोषित केलं आहे. संतपदाच्या वाटेवरची ती एक पायरी आहे.

सेंट झेवियर्स, सेंट मेरीज या संस्था कोणत्या बिशपांच्या काळात उभ्या राहिल्या?

कपुचिनांनंतर मुंबई येशूसंघाच्या जर्मन प्रांताकडे आली. वॉल्टर स्टाइन्स हे डच बिशप १८६० च्या दशकात इथे होते. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस (१८६३) आणि सेंट मेरीज (१८६४) या शाळा त्यांच्या काळातल्या. स्टाइन्स १८६७ मध्ये कलकत्त्याला गेले, पुढे थेट न्यूझीलंडमध्ये ऑकलंडचे बिशप झाले. त्यांच्या जागी आलेले लिओ म्युरिन जन्माने बर्लिनचे. सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चं, त्यांच्या कारकिर्दीतलं. १८८६ मध्ये त्यांनी मुंबई सोडली आणि मॉरिशसच्या पोर्ट लुईचे बिशप म्हणून गेले.

शाळा-कॉलेजं उभारण्याचं प्रत्यक्ष काम येशूसंघीय फादरांनी केलं हे इथे नोंदवायला हवं. बिशपांच्या नावावर सगळं लिहायची आपल्याला सवय आहे.

आमचे पणजोबा वांद्र्याचे. त्यांच्या कागदावर दमणच्या बिशपांचं नाव आहे. चूक झाली असेल का?

मुळीच नाही. १८८६ मध्ये पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. त्याच वर्षी भारतात रीतसर धर्मप्रांतांची रचना झाली. मुंबईला आर्चबिशप मिळाले, पुण्याचा वेगळा धर्मप्रांत झाला. पण पोर्तुगालच्या समाधानासाठी पाद्रोआदोखाली दमणचाही धर्मप्रांत निर्माण झाला. वांद्रे, मरोळ अशी साष्टीतली चर्च, वसई, आणि मुंबई शहरातलीही काही चर्च दमणच्या बिशपांकडे गेली. राज्य इंग्रजांचं, गाव मुंबईला लागून आणि बिशप मात्र दमणचे! दमणच्या बिशपांना मानाने ‘क्रांगानोरचे आर्चबिशप’ म्हणत. क्रांगानोर म्हणजे केरळातलं कोडुंगल्लूर. म्हणून जुन्या शिलालेखावर किंवा दाखल्यावर क्रांगानोर हे नाव दिसलं तर तुमचं घराणं केरळातून आलं असा निष्कर्ष काढू नका.

‘अमुक ठिकाणचे टिट्युलर बिशप’ म्हणजे काय?

प्रत्येक बिशपाला एका जागेचं नाव असावं लागतं. ज्याच्याकडे स्वतःचा धर्मप्रांत नाही, त्याला कधीकाळी अस्तित्वात असलेल्या एखाद्या जुन्या धर्मप्रांताचं नाव दिलं जातं. मातेवस द कास्त्रो क्रिसोपोलिसचे बिशप होते ते असे. आजच्या सहायक बिशपांनाही तसंच नाव मिळतं.

पहिल्या महायुद्धात मुंबईचं बिशपपद रिकामं का राहिलं?

येशूसंघाचे इथले बहुतेक फादर जर्मन होते. त्या आधीच्या आर्चबिशप डालहॉफ यांच्याच काळात, १९०५ मध्ये, कुलाब्याचं होली नेम चर्च उभं राहिलं होतं. तेच आजचं कॅथेड्रल. डालहॉफ यांच्यानंतर आलेले हेर्मान युर्गेन्स हेही जर्मन. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने जर्मन फादरांना नजरकैदेत टाकलं, नंतर मायदेशी पाठवलं. शाळा आणि कॉलेजं अचानक शिक्षकांविना उघडी पडली. १९१६ मध्ये युर्गेन्स वारले. पुढचे आर्चबिशप नेमले गेले ते १९१९ मध्ये.

ते कोण होते?

आल्बन गुडियर. इंग्रज येशूसंघीय. जर्मन प्राध्यापकांची उणीव भरून काढायला ते सेंट झेवियर्समध्ये आले होते आणि तिथून आर्चबिशप झाले. त्यांना बहुतेक लोक आध्यात्मिक लेखक म्हणून ओळखतात. ख्रिस्ताच्या जीवनावरची त्यांची पुस्तकं अजून वाचली जातात.

माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम त्यांनी पद सोडून केलं. दुहेरी अधिकाराचा गुंता रोजच्या कारभारात पावलोपावली आडवा येत होता. रोम आणि पोर्तुगाल यांच्यात तोडग्याची बोलणी चालली होती. मुंबईच्या गादीवर इंग्रज आर्चबिशप बसलेले असताना ती पुढे सरकणं अवघड होतं. गुडियर यांनी वाट मोकळी करून दिली. १९२६ मध्ये राजीनामा देऊन ते इंग्लंडला परतले.

१५ एप्रिल १९२८ ला करार झाला. दमणचा वेगळा धर्मप्रांत संपला, साष्टी-वसईची चर्च मुंबईला जोडली गेली आणि दमणचं नाव गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदवीत गेलं. कित्येक पिढ्यांनंतर मुंबई आणि वसईच्या कॅथलिकांना पुन्हा एकच बिशप मिळाले.

आळीपाळीने इंग्रज आणि पोर्तुगीज आर्चबिशप, अशी खरंच अट होती?

होय, त्याच १९२८ च्या करारात. एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. भारतीय माणसाचा विचारच नव्हता. त्याप्रमाणे आधी पोर्तुगीज येशूसंघीय जोआकिम लिमा आले. एकमेकांशी न बोलणारी दोन कुळं एका छपराखाली नांदवणं हे त्यांच्या वाट्याचं काम होतं. १९३६ मध्ये ते वारले आणि पाळी इंग्रजांची आली.

थॉमस रॉबर्ट्स यांच्याविषयी इतक्या आदराने का बोललं जातं?

आपलं पद आपल्या हातांनी दुसऱ्याला दिलं म्हणून.

रॉबर्ट्स १९३७ मध्ये आर्चबिशप झाले. स्वातंत्र्याचं वारं वाहत होतं आणि मुंबईच्या कॅथलिकांचा प्रमुख इंग्रज असणं, त्याच्यानंतर पुन्हा पोर्तुगीज येणं, हे त्यांना पटेना. करार बदलण्याचा अधिकार त्यांच्या हातात नव्हता. मग त्यांनी जे हातात होतं ते केलं. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस हे भारतीय धर्मगुरू त्यांचे सहायक बिशप झाले. रॉबर्ट्स यांनी कारभार त्यांच्याकडे सोपवला आणि स्वतः मुंबईबाहेर गेले. आर्चबिशप नावापुरते ते राहिले आणि जागा सरावाने, हळूहळू, भारतीय बिशपांची झाली. १९५० मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात आळीपाळी बंद करणारा नवा करार झाला आणि रॉबर्ट्स यांनी रीतसर राजीनामा दिला.

त्या वेळी त्यांचं वय साठच्या आत होतं. पुढची पंचवीसेक वर्षं ते कोणताही धर्मप्रांत नसलेले आर्चबिशप म्हणून जगले. युद्ध, अण्वस्त्रं, विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरायला नकार देणाऱ्यांचा हक्क या विषयांवर ते जगभरातल्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या काळात निर्भीडपणे बोलले. ते न रुचणारेही पुष्कळ होते. १९७६ मध्ये ते वारले. मुंबईत त्यांच्या नावाने फारसं काही नाही, याची मला खंत वाटते.

पहिले भारतीय आर्चबिशप आणि पहिले भारतीय कार्डिनल एकच का?

मुंबईपुरतं बोलायचं तर हो, व्हॅलेरियन ग्रेशियस. जन्म २३ ऑक्टोबर १९०० रोजी कराचीचा, गोवेकर कुटुंबातला. कराची तेव्हा मुंबई महाधर्मप्रांतातच होती, १९४८ मध्ये वेगळी झाली. लिमा यांचे चिटणीस, मग होली नेमचे पहिले भारतीय रेक्टर (प्रमुख धर्मगुरू), सहायक बिशप आणि डिसेंबर १९५० मध्ये आर्चबिशप, असा त्यांचा प्रवास. जानेवारी १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्यांना कार्डिनल केलं. भारतातून त्या पदावर पोचलेली ती पहिली व्यक्ती. १९६६ मध्ये सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं.

वक्ता म्हणून त्यांची ख्याती होती. ज्या शहरात वीस वर्षांपूर्वी भारतीय आर्चबिशपाची करारात सोयच नव्हती, तिथे त्यांनी जवळजवळ अठ्ठावीस वर्षं ती गादी सांभाळली. ११ सप्टेंबर १९७८ ला ते वारले. पोप पायस यांच्याकडून मिळालेली त्यांची लाल कार्डिनल-टोपी होली नेम कॅथेड्रलमध्ये जपलेली आहे. कुलाब्याला गेलात तर आत जाऊन जरूर पाहा.

१९६४ चं युखरिस्तिक अधिवेशन एवढं का गाजलं?

कारण पोप स्वतः आले. तोपर्यंत एकही पोप भारतात आले नव्हते. २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४ दरम्यान अडतिसावं आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक अधिवेशन, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या भक्तीसाठी जगभरातल्या कॅथलिकांचा मेळावा, मुंबईत, ओव्हल मैदानावर भरलं आणि २ डिसेंबरला पोप सहावे पॉल उतरले. यजमान होते कार्डिनल ग्रेशियस. त्या दिवसांची आठवण आमच्या मागच्या पिढीच्या घराघरात आहे. रस्त्याच्या कडेला सगळ्या धर्मांची माणसं उभी होती, हे प्रत्येकजण आवर्जून सांगतो. जाताना पोपनी आपल्या वापरातली गाडी मदर तेरेसांना दिली आणि मदरनी तिची सोडत काढून पैसा कुष्ठरोग्यांच्या कामाला लावला. पोपनी दिलेली घंटा कॅथेड्रलमध्ये आहे.

मराठी मातृभाषा असलेले आर्चबिशप कधी झाले?

सायमन पिमेंटा, १९७८ मध्ये. मरोळचे, ईस्ट इंडियन समाजातले, जन्म १ मार्च १९२०. मुंबईच्या मूळ ख्रिस्ती रहिवाशांपैकी एकजण मुंबईचा आर्चबिशप व्हायला पोर्तुगीज आल्यापासून जवळजवळ साडेचारशे वर्षं लागली! ज्या मरोळला एकेकाळी दमणच्या बिशपांकडे पाहावं लागे, तिथलाच मुलगा या गादीवर बसला. गावठाणातल्या लोकांना त्याचा किती आनंद झाला असेल ते सांगायला नको. ते १९८८ मध्ये कार्डिनल झाले, १९९६ मध्ये निवृत्त झाले. आळीआळीत, इमारतीइमारतीत जमणारे छोटे ख्रिस्ती समूह त्यांच्याच काळात रुजले. साधी राहणी आणि काटेकोर शिस्त ही त्यांची ओळख. २०१३ मध्ये ते वारले.

त्यांच्यानंतर?

आयव्हन डायस, जन्म वांद्र्याचा, १९३६. हयातीचा मोठा भाग व्हॅटिकनच्या राजनैतिक सेवेत गेला. कम्युनिस्ट राजवट कोसळल्यानंतरच्या अल्बानियात ते पोपचे राजदूत होते. १९९६ मध्ये त्यांची मुंबईला नेमणूक झाली, २००१ मध्ये ते कार्डिनल झाले. २००६ मध्ये पोपनी त्यांना रोमला बोलावलं ते धर्मप्रसाराच्या खात्याचे प्रमुख म्हणून, म्हणजे वर ज्या प्रोपगंडाची गोष्ट सांगितली त्याच खात्याचे. ज्या खात्याने नेमलेल्या बिशपांना माहीमकरांनी कोंडलं होतं, त्याच्या सर्वोच्च खुर्चीत वांद्र्याचा माणूस बसला. इतिहासाचं हे वळण मला फार भावतं.

मग ओस्वाल्ड ग्रेशियस, धर्मकायद्याचे जाणकार, आधी आग्र्याचे आर्चबिशप. २००६ ते २०२५ मुंबईत. २००७ मध्ये कार्डिनल झाले आणि २०१३ पासून पोप फ्रान्सिस यांच्या सल्लागार कार्डिनलांच्या मंडळात होते. २५ जानेवारी २०२५ पासून जॉन रॉड्रिग्ज आर्चबिशप आहेत. त्याआधी ते पुण्याचे बिशप होते.

वसई वेगळी कधी झाली?

२२ मे १९९८ रोजी. पहिले बिशप थॉमस डाबरे, वसईतल्याच भुईगावचे. मराठी वाचकांना त्यांची ओळख वेगळ्या कारणाने हवी : त्यांनी डॉक्टरेट केली ती संत तुकारामांच्या ईश्वरानुभवावर. कॅथलिक बिशप तुकोबांचे अभंग घेऊन बसतो, कीर्तनकारांशी बोलतो, हे वसईत कुणाला वावगं वाटलं नाही. तिथे मिस्सा मराठीत, गीतं मराठीत, ‘सुवार्ता’ मासिक मराठीत. २००९ मध्ये डाबरे पुण्याला गेले. त्यांच्या जागी फेलिक्स मच्याडो आले. व्हॅटिकनमध्ये आंतरधर्मीय संवादाच्या विभागात त्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं. २०२४ पासून थॉमस डिसोजा बिशप आहेत.

वसई साधा धर्मप्रांत आहे, मग मच्याडो यांना ‘आर्चबिशप’ का म्हणतात?

ती पदवी त्यांना व्यक्तिशः दिलेली आहे. वसई त्यामुळे महाधर्मप्रांत होत नाही आणि त्यांच्यानंतरचे बिशप आर्चबिशप होत नाहीत.

आर्चबिशप आणि कार्डिनल यांत मोठं कोण?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. आर्चबिशप महाधर्मप्रांत चालवतात. कार्डिनल हा पोपनी दिलेला मान आणि जबाबदारी; ऐंशी वर्षं पूर्ण न झालेले कार्डिनल नव्या पोपच्या निवडीत मत देतात. मुंबईच्या आर्चबिशपांना कार्डिनल करायलाच हवं असा नियम नाही. ग्रेशियस, पिमेंटा, डायस, पुन्हा ग्रेशियस असे सलग चौघे झाले, म्हणून तसा समज पसरला आहे. व्हॅलेरियन आणि ओस्वाल्ड यांचं आडनाव एक असल्यानेही गोंधळ होतो. लिहिताना पहिलं नाव टाळू नका.

आज बिशप कोण निवडतं?

पोप. भारतातले त्यांचे राजदूत गुप्तपणे मतं मागवतात, चौकशी करतात आणि सहसा तीन नावं रोमला पाठवतात. राजाचा, सरकारचा हात आता त्यात नाही. पंचाहत्तर पूर्ण झाली की बिशप राजीनामा सादर करतात. तो केव्हा स्वीकारायचा हे पोप ठरवतात.

माझ्या आजोबांच्या वेळी बिशप कोण होते, हे कसं शोधू?

बाप्तिस्म्याच्या नोंदीवर बिशपांचं नाव मिळेलच असं नाही, कारण बाप्तिस्मा धर्मग्रामाचे (स्थानिक चर्चच्या हद्दीचे) फादर देतात. दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची, नोंद मागा. तो संस्कार सहसा बिशपच देतात, त्यामुळे तारखेबरोबर त्यांचं नाव सापडण्याची शक्यता अधिक. आधी गाव कोणतं ते पाहा. माझगाव, दादर, माहीम, वांद्रे, मरोळ किंवा वसई असेल आणि वर्ष १९२८ च्या आधीचं असेल, तर ते चर्च त्या वर्षी कोणाच्या अधिकारात होतं हे पहिल्यांदा विचारा. तिथल्या नोंदी पोर्तुगीजमध्ये निघाल्या तर दचकू नका. नावं ओळखता येतात, ‘फिल्यु द’ म्हणजे ‘चा मुलगा’. आणि वह्या फार जुन्या, ठिसूळ असतात. फादरांची किंवा कार्यालयातल्या माणसाची वेळ आधी घेऊन जा, पानं स्वतः उलटू नका, कोरडे हात आणि पेन्सिल एवढंच बरोबर असू द्या.